कमी खर्चात घरच्या घरी वसंती रीथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारावर किंवा भिंतीवर टांगायचा फुलापानांचा गोल म्हणजे रीथ. मराठीत त्याला पुष्पचक्र म्हणतात खरं, पण तो शब्द ऐकला की श्रद्धांजलीची बातमी आठवते, म्हणून इथे रीथच म्हणू. आतला जो गोल सांगाडा असतो, त्याला मी कडं म्हणते. खालचे प्रश्न ओळखीपाळखीच्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. दोन-तीन तर मीच पहिल्या वर्षी स्वतःला विचारले होते, हातात कात्री आणि बोटांना गम लागलेला असताना.

खरंच स्वस्तात होतो का? की स्वस्त स्वस्त म्हणत सामानाची पिशवी भरते?

होतो, पण पैसे नेमके कुठे जातात ते आधी बघा. कडं घरातल्या टाकाऊ वस्तूतून निघतं. सुतळी, तार, गम हे एकदा आणलं की चार-पाच रीथना पुरतं. हिरवळ कागदाची कापता येते किंवा छाटणीतून मिळते. पैसे खातात ती फुलं, आणि नवखा माणूस नेमकी फुलंच ढिगाने आणतो.

माझा पहिला रीथ आठवला की अजून हसू येतं. चाळीसेक कापडी फुलं आणली होती आणि एकही उरू द्यायची नाही असा हट्ट. कड्यावर मुंगी शिरायलाही जागा ठेवली नव्हती. जवळून बरा दिसायचा, पण दहा पावलांवरून पाहिलं की दाराला फ्लॉवरचा गड्डा लटकवल्यासारखा. पुढच्या वसंतात तोच उसवला आणि त्याच फुलांत तीन रीथ झाले. तिन्ही पहिल्यापेक्षा चांगले.

आकड्यांतच सांगायचं तर, बाहेरून 30 सेंमी व्यासाचं कडं पूर्ण झाकायला 5 सेंमीची साधारण 28 ते 30 फुलं लागतात, शिवाय मधल्या फटी भरायला बारीकसारीक वेगळं. तेच कडं चंद्रकोरीसारखं एक तृतीयांशच भरलं, तर 9 ते 11 फुलांत काम होतं. उरलेलं कडं उघडं ठेवायचं. मात्र उघडं राहणार असेल तर ते दिसायला नेटकं हवं. म्हणून मी फुलांपेक्षा कड्यावर जास्त वेळ घालवते.

कडं कशाचं करू?

घरात तारेचा हँगर असेल तर शोध तिथेच थांबवा. तो ओढून गोल केला की साधारण 27-28 सेंमी व्यासाचं कडं मिळतं. मानेजवळची पिळलेली तार सोडवायची गरज नाही. आकडा तसाच राहू द्या, टांगायला तोच कामी येतो. हँगरच्या खालच्या दांडीचा मध्य धरून खाली ओढायचा, मग दोन्ही खांदे बाहेर दाबायचे. पहिल्यांदा त्याचा पतंग होतो, गोल नाही. घाबरू नका. एखादी बादली किंवा मोठं पातेलं उलटं ठेवा आणि तार त्याच्या काठाला लावून अंगठ्याने थोडी थोडी सरकवत दाबत जा. खांद्यांच्या दोन कोपऱ्यांना पक्कड लावावीच लागते.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. नुसती तार गुळगुळीत असते. तिच्यावर बांधलेलं फूल आज वर, उद्या घसरून खाली. त्यामुळे आधी तारेला जुन्या सुती कापडाची दोनेक सेंमी रुंद पट्टी तिरकी गुंडाळून घ्यायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. पकड येते, आणि ओलाव्याने तार गंजली तरी डाग फुलांपर्यंत पोचत नाही.

हँगर नसेल तर खोक्याचा पुठ्ठा. दोऱ्याला पेन्सिल बांधा, मध्यावर टाचणी टोचा, दोरा 15 सेंमी धरून एक गोल आणि 10 सेंमी धरून आतला गोल काढा. 5 सेंमी रुंदीचं कडं मिळतं. अशी दोन कापा. पुठ्ठ्याच्या आत ज्या नागमोडी नळ्या दिसतात, त्या एका कड्यात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या येतील असं फिरवून दोन्ही चिकटवा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. नळ्या एकाच दिशेला राहिल्या तर पंधरा दिवसांत कडं मधोमध वाकतं. नंतर वर्तमानपत्राचे बोळे वरच्या बाजूला चिकटपट्टीने बसवून त्याला थोडा फुगवटा द्या. सपाट कड्यावरची फुलं ताटात मांडल्यासारखी दिसतात.

वेली किंवा लवचिक डहाळ्या मिळाल्या तर सगळ्यात देखणं कडं त्यांचंच. डहाळी कडक झाली असेल तर काही तास पाण्यात बुडवून ठेवा. सर्वांत जाड डहाळीचा गोल करून टोकं एकमेकांवर चढवा, मग बाकीच्या त्याच्याभोवती पिळत न्या. टोकं आधीच्या फटींत खुपसली की तार लागत नाही. वाळल्यावर डहाळ्या आकसतात आणि वीण सैल पडते, म्हणून सुरुवातीलाच घट्ट विणा. असं कडं फुलांशिवायही छान दिसतं, त्यामुळे चंद्रकोरी रीथसाठी ते उत्तम.

भरतकामाची लाकडी रिंगही चालते. नाजूक, एका बाजूलाच चार फुलं असलेला रीथ करायचा असेल तर तीच घ्या. जड काही लावू नका.

पुठ्ठ्याचं कडं झाकायचं कशाने?

लोकर, सुतळी किंवा कापडाच्या पट्ट्या. वर सांगितलेल्या मापाच्या कड्याला मध्यम जाडीची साधारण 30 मीटर लोकर लागते. सगळा गुंडा कड्यातून आरपार काढत बसू नका, हात भरून येतात. 4-5 मीटरचे तुकडे पुठ्ठ्याच्या छोट्या पट्टीवर गुंडाळा आणि ती पट्टी आतून बाहेर फिरवा. आतल्या काठावर धागे दाटतात आणि बाहेरच्या काठावर फाकतात, हा गोलाचा स्वभाव आहे. खालचा पुठ्ठा आधी त्याच रंगाने रंगवला तर फट दिसत नाही.

माझ्या दाराला केवढा रीथ शोभेल?

दाराच्या रुंदीच्या निम्मा ते दोन तृतीयांश. 90 सेंमी रुंद दार असेल तर 45 ते 60 सेंमी. हे माप तयार रीथचं आहे, कड्याचं नाही. पानंफुलं लागल्यावर कडं सगळीकडून चार-पाच सेंमी फुगतं, म्हणजे व्यास आठ-दहा सेंमीने वाढतो. हँगरचा रीथ त्यामुळे 36-38 सेंमीपर्यंत जातो. अरुंद दाराला, खिडकीला किंवा आतल्या भिंतीला तो ठीक. मोठ्या दारासाठी पुठ्ठ्याचं किंवा डहाळ्यांचं मोठं कडं करा. मध्यबिंदू डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दीडेक मीटरवर ठेवला की सहसा चुकत नाही.

ग्लू गन, म्हणजे गरम गम सोडणारं पिस्तूल, नसेल तर अडतं का?

नाही. मी तर सांगेन, पहिला रीथ तार आणि दोऱ्यावरच करा. गमाने चिकटवलेलं फूल काढताना पाकळी फाटते. तारेने बांधलेलं सोडवून दुसरीकडे लावता येतं, आणि पहिल्या रीथमध्ये तुम्ही प्रत्येक फूल किमान तीनदा हलवणार आहात. फुलांसाठीची बारीक तार गेजवर मिळते. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक: 22 गेज देठाला, 26 गेज बांधायला. तीही नसेल तर जाड शिवणदोरा आहेच.

ग्लू गन असेलच तर ती कुठल्या जातीची आहे ते पाहा. कमी तापमानाची साधारण 120 अंश सेल्सिअसला चालते, जास्त तापमानाची 190 च्या आसपास. पातळ कागद आणि थर्माकोल यांना कमी तापमानाचीच. दुसरीने थर्माकोलला भोक पडतं. जवळ गार पाण्याचा वाडगा ठेवा. गरम गम बोटावर पडला तर ओढून काढू नका, त्वचा सोबत येते. आधी बोट पाण्यात, मग वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं.

पांढरा गम कागदाला छान, फक्त सुकायला वेळ द्या. पिठाची खळ मात्र टाळा, तिला झुरळं आणि किडे येतात.

कमी खर्चात फुलं कशाची करावीत?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण रीथचा जीव इथे आहे.

सगळ्यात सोपं म्हणजे गुंडाळी गुलाब. 12 सेंमीचा कागदी गोल घ्या. बाहेरून आत, दीड सेंमी रुंदीची पट्टी राहील अशी चकली कापत मध्यापर्यंत जा. कड किंचित नागमोडी कापली तर पाकळ्या जास्त खऱ्या वाटतात. आता बाहेरच्या टोकापासून पट्टी गुंडाळत चला. मधला उरलेला गोल तळाला येतो, त्याला गम लावून गुंडाळी त्यावर बसवा. गुंडाळताना घट्ट, पण चिकटवण्याआधी बोटं सैल सोडायची. गुंडाळी आपोआप जराशी उलगडते आणि कळीचं फूल होतं. कुठे थांबवायचं ते तुम्ही ठरवा. काही अर्धवट मिटलेली, काही पूर्ण उमललेली ठेवा. सगळी सारखी झाली तर साच्यातली वाटतात. जुन्या पुस्तकाची फाटकी पानं, नकाशे, पाकिटं, सगळं चालतं.

क्रेप कागदाची फुलं जरा वरच्या इयत्तेतली. क्रेपवर ज्या बारीक सुरकुत्या असतात त्या पाकळीच्या देठापासून टोकाकडे जायला हव्यात. आडव्या कापल्या तर पाकळी वाकतच नाही. पाकळी दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी मधला भाग बाजूंना हलकेच ताणा, तिला वाटीसारखा खोलगटपणा येतो. एवढ्या एका हालचालीने कागदाचं फूल होतं.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असेल तर डॅफोडिल करा. डॅफोडिलला सहा पाकळ्या असतात, तीन-तीनच्या दोन थरांत, आणि मधोमध कर्ण्यासारखा पेला. ट्रेमधला उभा सुळका कापून त्याचा पेला करायचा, काठ बारीक कातरून किंचित बाहेर वळवायचा. झाकणाच्या सपाट भागातून तीन पाकळ्यांचे दोन तुकडे कापून, एक दुसऱ्याच्या फटीत येईल असा फिरवून चिकटवायचा. पाकळ्यांना फिका पिवळा, पेल्याला गडद नारिंगी. ट्रेचा खडबडीतपणा रंगाखाली इतका छान दिसतो की पाहणारा हात लावून बघतो.

कापड आवडत असेल तर फुलं न करता अख्खा रीथच चिंध्यांचा करा. 2-3 सेंमी रुंद आणि 15-20 सेंमी लांब पट्ट्या हँगरला एकेक गाठ मारून बांधत जायच्या. गाठी एकमेकींकडे दाबून घेतल्या की एक गाठ सहा-सात मिलिमीटर जागा घेते, म्हणजे 88 सेंमी घेराला 130 च्या आसपास पट्ट्या. आकडा ऐकून दचकू नका. गप्पा मारत, काहीतरी ऐकत बसलं की दोन-तीन तासांत होतं. जुनी चादर, विटका शर्ट, लहान झालेले कपडे, तीन रंगछटा पुरेत. कापड कातरण्याऐवजी फाडलं तर कडेला जे धागे सुटतात ते छानच दिसतात. या प्रकाराला गम, शिवण, काहीच लागत नाही.

खरी फुलं सुकवून वापरता येतील का?

येतील, फक्त तीन आठवडे आधी कामाला लागा. फूल पूर्ण उमलण्याच्या जरा आधी, दव वाळल्यावर तोडा. पानं काढा. पाच-सहा देठांची जुडी रबरबँडने बांधा, दोऱ्याने नको. देठ वाळताना बारीक होतात, दोरा सैल पडतो आणि एक दिवस सगळी जुडी जमिनीवर सापडते. रबरबँड सोबत आवळत जातो. जुड्या अंधाऱ्या, कोरड्या, हवेशीर जागी उलट्या टांगा. दोन ते तीन आठवड्यांनी देठ वाकवल्यावर कट्‌कन मोडला की तयार.

लाल फुलं वाळल्यावर काळपट होतात, पांढरी सायीच्या रंगावर जातात. पिवळा आणि जांभळा बऱ्यापैकी टिकतो. स्टॅटिस, स्ट्रॉफ्लॉवर, गोंफ्रेना, लॅव्हेंडर, जिप्सोफिला ही वाळवायला सोपी. स्ट्रॉफ्लॉवरचा देठ वाळल्यावर फुलाचा भार पेलत नाही, म्हणून फूल ताजं असतानाच त्यात तार खुपसून ठेवायची. फूल वाळताना तारेला घट्ट धरतं.

ताज्या फुलांचा रीथ?

करा, पण तो थोड्या दिवसांचा पाहुणा समजून. एका दिवसाच्या कार्यक्रमाला ठीक. खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महाग, कारण पुन्हा वापर नाही.

फुलांचे देठ खोचायचा हिरवा स्पंज वापरावा का? बाजारात त्याची तयार कडीही मिळतात.

मी वापरत नाही. तो स्पंज म्हणजे फिनॉलिक प्लास्टिक आहे. 1954 साली ‘ओअॅसिस’ या नावाने तो बाजारात आला आणि फुलांच्या सजावटीत सगळीकडे पसरला. बोटाने दाबला की त्याची भुकटी होते, आणि ती भुकटी म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले लहान जीव हे कण खातात. ताज्या फुलांना ओलावा हवाच असेल तर भिजवलेलं शेवाळ किंवा ओला कापूस देठाला गुंडाळून वर तार मारा. वाळलेल्या आणि कागदी फुलांना तर स्पंजची गरजच नाही.

सगळं सामान तयार आहे. मांडणी कुठून सुरू करू?

हिरवळीपासून. आणि काहीही न चिकटवता. कडं जमिनीवर ठेवा आणि पानं नुसती मांडून बघा. सगळी पानं एकाच दिशेला वाहायला हवीत, घड्याळाच्या काट्याप्रमाणे किंवा उलट. एक जरी फांदी उलटी गेली तरी डोळा तिथेच अडतो. प्रत्येक झुबक्याचे देठ पुढच्या झुबक्याच्या पानांखाली लपवत जायचे.

मग फुलं. मोठी आधी. तीन किंवा पाच घ्या. चार घेतली की ती चौकोनात जाऊन बसतात. घड्याळाची कल्पना करा. चंद्रकोरीसाठी मुख्य झुबका सातच्या आकड्यावर, आणि दोन्हीकडे निमुळतं होत पाच आणि नऊपर्यंत जायचं. एक नव्हे तर दोन झुबके करायचे असतील तर मोठा चारवर, छोटा दहावर. बरोबर बाराला आणि सहाला समान झुबके टाळा. मोठ्या फुलांना लागून मध्यम, आणि शेवटी बारीक कळ्या. त्या मात्र आत दडपू नका, देठ लांब ठेवून बाहेर झुकू द्या. रीथला हालचाल त्या देतात.

इथे थांबा, उठा आणि दोन-तीन मीटर मागे जा. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. रंग गेले की कुठे काळा ढीग झालाय आणि कुठे भगदाड राहिलंय ते लगेच कळतं. ही युक्ती मला उशिरा सुचली. तोवर मी नवऱ्याला समोर उभं करून विचारायचे, आणि ते मान वर न करता “छान आहे” म्हणायचे.

रंग तीनच, शिवाय हिरवा. एक भरपूर, एक मध्यम, एक चिमूटभर. वसंत म्हणून फिके रंगच हवेत असं काही नाही. फिक्या गुलाबीत एकच गर्द जांभळी कळी टाकली की गुलाबी उठून दिसतो.

रिबनचा बो नीट येत नाही.

कडेला तार असलेली 4-6 सेंमी रुंदीची रिबन घ्या, दीड मीटर पुरते. गाठ मारू नका. रिबन मागेपुढे नेत 15 सेंमीच्या चार-पाच घड्या घाला, मध्ये चिमटीत धरा, तारेने आवळा, मग घड्या एकेक करून उलगडा. लोंबणारी टोकं तिरकी किंवा व्ही आकारात कापा. रिबन नसेल तर कापडाची फाडलेली पट्टी. बो नसला तरी चालतं, हेही सांगून ठेवते.

दाराला खिळा ठोकायचा नाही. टांगू कसा?

सगळ्यात साधा उपाय: रिबनचं वेटोळं रीथमधून काढून दारावरून पलीकडे न्यायचं आणि दाराच्या वरच्या कडेला, म्हणजे चौकटीकडच्या बारीक काठावर, टाचणीने अडकवायचं. तिथलं भोक कुणाला दिसत नाही. दार बंद होताना रिबन अडकत नाही ना, ते आधी पाहा. लोखंडी दाराला चुंबकाचा हूक. चिकटणारा हूक लावणार असाल तर जागा स्पिरिटने पुसा, हूक अर्धा मिनिट दाबून धरा आणि तासभर काही टांगू नका. घाई केली की रीथ रात्री खाली येतो, आणि तो नेहमी रात्रीच येतो. हूकवर किती वजनाचा ते लिहिलेलं असतं. रीथ स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. माझे हँगरवाले बहुतेक 300 ग्रॅमच्या आत बसतात.

ऊन-पावसात टिकेल का?

कापड आणि डहाळ्या टिकतील, कागद नाही. क्रेपचा रंग पाणी लागलं की सुटतो. एकदा अवकाळी पावसात माझ्या पांढऱ्या दारावर गुलाबी ओघळ आले. घासून घासून फिके झाले, गेले नाहीत. ते झाकायला त्या वर्षी रीथ ठरवल्यापेक्षा महिनाभर जास्त टांगलेला राहिला. पारदर्शक अॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात उघड्या हवेत मारले तर दमट हवा सोसते, पण थेट पाऊस नाही. कडक उन्हात, त्यातून गडद रंगाच्या दारावर, ग्लू गनचा गम मऊ पडतो आणि फुलं एकेक करून गळतात. तिथे तारच हवी. ऊन रंगही खातं. सुकवलेल्या फुलांना सावलीचीच जागा द्या. आणि दिवा, मेणबत्ती, शेगडी यांच्यापासून त्यांना लांब ठेवा, वाळकं गवत ते वाळकं गवतच.

घरात मांजर आहे, लहान मूल आहे.

मग कागद किंवा कापड. खरी फुलं वापरायची असतील तर लिली घरात आणूच नका. मांजरासाठी ती जीवघेणी असते. नुसते परागकण अंगावर पडले आणि तिने चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कण्हेर आणि लिली ऑफ द व्हॅली माणसांनाही विषारी आहेत. डॅफोडिलचं झाड आणि त्याचा कंदही पोटात जायला नको, चिकाने हातालाही खाज सुटते. बारीक मणी, टाचण्या, तारेची उघडी टोकं मुलांच्या हाताच्या उंचीला नकोत.

मुलांकडून करून घेता येईल?

कागदी ताटलीचा मधला गोल कापला की कडं तयार. त्यावर हाताचे ठसे काढून कापलेली हिरवी पानं, गमाच्या कांडीने. ग्लू गन आणि कटर आपल्याकडे. मांडणी सुधारायला जाऊ नका.

आणलेल्या डहाळ्यांत किडे निघाले तर?

खाली पडलेल्या डहाळ्या, पाइनचे शंकू झटकून घ्या आणि ओव्हनमध्ये साधारण 90 अंशांवर अर्धा तास ठेवा, समोर उभं राहून. सुकवलेली नाजूक फुलं भाजता येत नाहीत, ती पिशवीत बंद करून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये. झाडावरचं शेवाळ खरवडून आणू नका, ते फार हळू वाढतं.

रीथमध्ये पाखराने घरटं बांधलं!

होतं असं, डहाळ्यांचा दाट रीथ पाखरांना आयता मिळतो. काड्या नुकत्याच दिसायला लागल्या असतील तर रीथ आत घ्या. अंडी घातली असतील तर हात लावू नका. लहान पाखरांची अंडी फुटून पिल्लं उडायला साधारण महिनाभर जातो. तोवर दार हळू उघडायचं आणि पाहुण्यांना दुसऱ्या दाराने बोलवायचं.

कधी लावायचा?

उत्तर गोलार्धात वसंतसंपात 20 किंवा 21 मार्चला येतो, दक्षिणेत 22-23 सप्टेंबरच्या सुमाराला. पण बाहेर पहिली कोवळी पानं दिसली की लावा, कॅलेंडर कोण बघतंय.

ऋतू संपल्यावर काय करू?

धूळ मऊ ब्रशने किंवा केस वाळवायच्या यंत्राच्या थंड झोताने उडवा. रीथ आडवा ठेवून त्यावर काही रचू नका, फुलं एका बाजूने चपटी होतात. जुन्या उशीच्या खोळीत घालून, आकडा बाहेर काढून, कपाटाच्या दांडीवर इतर कपड्यांशेजारी टांगा. हँगरच तो शेवटी. वाळलेली फुलं असतील तर प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको, बुरशी येते.

आणि फुलं कंटाळवाणी वाटू लागली तर तेवढीच तारेवरून सोडवा, कडं टाकू नका. माझं पहिलं हँगरचं कडं अजून चालू आहे. कापडाची पट्टी दोनदा बदलली, त्या पहिल्या चाळीस फुलांतली सहा अजून शाबूत आहेत आणि सध्या ती साताच्या आकड्यावर आहेत.